त्रेसष्ट सह्या

मंगळवार, अकरा नोव्हेंबर रोजी तिसऱ्या वर्षाचे भौतिक रसायनशास्त्राचे दहाचे व्याख्यान झाले नाही. त्या व्याख्यानाच्या हजेरीपटावर त्रेसष्ट सह्या आहेत.

पट मला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सापडला. सत्र संपत आले की गैरहजेरीची बेरीज करावी लागते. पंधरा टक्क्यांहून अधिक तास बुडवणाऱ्याला परीक्षेला बसता येत नाही, आणि अशांची यादी शिक्षकाने स्वतः तयार करून विभागाकडे द्यायची असते. मी पट तारखेनुसार लावत होतो. रविवार नऊनंतर रविवार सोळा यायला हवा होता. मधले दोन तास मी रजेवर होतो. पण नऊ आणि सोळा यांच्यामध्ये अकराचा कागद निघाला, नेहमीचा, विभागाचा छापील, वरच्या कोपऱ्यात माझ्या विषयाचा क्रमांक असलेला. प्रथम मला राग आला नाही. प्रयोगशाळेत एखादे निरीक्षण आलेखाच्या बाहेर पडले की जे होते तेच झाले: मी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले. एकाहत्तरांपैकी त्रेसष्ट. शाई चार-पाच रंगांची. सह्यांचा क्रम वर्णानुक्रमाने नव्हता, बाकांच्या क्रमाने होता. पुढच्या रांगेतल्या मुली, मग खिडकीकडची मुले, मग मागची. इतर दिवशीचे पट शेजारी ठेवून मी हे ताडून पाहिले. म्हणजे कागद दालनात हातोहात फिरला होता, किंवा तो तसा फिरल्यासारखा दिसावा अशी कुणीतरी काळजी घेतली होती. आठ जणांच्या सह्या नव्हत्या, आणि बनावट पट करणारा आठ जणांना का वगळेल, हा प्रश्न मला त्याच वेळी पडला होता, हे नोंदवले पाहिजे. मी त्याचे उत्तरही दिले: खरेपणासाठी. जे निरीक्षण आपल्या गृहीतकाविरुद्ध जाते त्याला गृहीतकातच जागा करून देणे, ही चूक मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात दाखवतो.

कारण त्या मंगळवारी दहा वाजता मी कुठे होतो हे मला ठाऊक होते. मी सरकारी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, आईच्या खाटेच्या उजव्या बाजूला बसलो होतो. खिडकीतून शहराबाहेरची नांगरून ठेवलेली लालसर शेते दिसत होती आणि त्यांच्या कडेला ऑलिव्हची झाडे, जाळ्या अजून खाली पसरलेल्या. प्राणवायूच्या नळीला जोडलेल्या बाटलीत बुडबुडे येत होते, सेकंदाला साधारण तीन. सुईवरच्या चिकटपट्टीचा एक कोपरा उचकटला होता आणि मी तो अंगठ्याने दाबत होतो, तो पुन्हा उचकटत होता. माझी थोरली बहीण इब्तिहाल हिने संत्रे सोलले होते आणि ते कुणी खाल्ले नव्हते. दाराच्या वरच्या घड्याळात दहा वीस झाले होते. मी वाकून आईच्या कानात शहादाचे, मरणाऱ्याला ऐकवायच्या कलम्याचे, शब्द तीनदा म्हटले. माझा स्वतःचा त्या शब्दांशी गेली तीस वर्षे विशेष संबंध उरलेला नाही, पण मुलाने ते म्हणायचे असतात आणि आईला ते हवे असणार, एवढे कारण मला पुरेसे वाटले. मग मी तिचा हात धरला. हात थंड होता, मला वाटते सत्तावीस अंशांच्या आसपास. हाताचे तापमान अंदाजाने सांगणे ही माझ्या धंद्यातली सवय आहे. असा अंदाज मी त्या वेळीही केला याची मला थोडी लाज वाटली, आणि लाज वाटल्याचेही मला आठवते. इतक्या बारकाव्यांची दुसरी आठवण माझ्यापाशी नाही. लग्नाच्या दिवशीचा माझा कोटसुद्धा कोणत्या रंगाचा होता हे मला फोटो पाहून सांगावे लागते.

विभागप्रमुख डॉ. रंदा यांच्या टेबलावर मी पट आणि माझे टिपण ठेवले. त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, इतरांसारख्याच मला थोरल्या मुलाच्या नावाने अबू यझन म्हणतात, आणि चांगल्या बातमीसाठी चहा, वाईट बातमीसाठी कॉफी मागवतात. त्यांनी टिपणाच्या पहिल्या दोन ओळी वाचून कॉफी मागवली.

"त्रेसष्ट?" त्या म्हणाल्या. "अबू यझन, त्रेसष्ट जणांना काढल्यावर शिकवणार कुणाला? भिंतींना?"

"आठ उरतात."

"ते आठही त्या दिवशी झोपून राहिले म्हणून प्रामाणिक!" त्यांनी पट उजेडाकडे धरला, जणू सह्यांमागे आणखी काही लिहिलेले असावे. "नक्की ना पण? तारखेत वगैरे काही गफलत?"

"अकरा तारखेपासून माझी रजा आहे. अर्ज तुमच्याच कार्यालयात आहे."

त्यांनी अर्ज काढून पाहिला. अकरा ते तेरा, कारण: मातृनिधन. त्यांनी मान हलवली. हा अर्ज मी सोळा तारखेला, कामावर आल्यावर, स्वतःच्या हाताने भरला होता. म्हणजे माझ्या आठवणीला दुजोरा देणारा पुरावा माझ्याच आठवणीतून तयार झालेला होता. हे त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आले नाही.

"मग धोरणाप्रमाणे," त्या म्हणाल्या, "नववं कलम. आणि ते कलम लिहिलंय कुणी? आम्ही सगळे तेव्हा ओरडत होतो, जरा सैल ठेवा, मुलं आहेत. तुम्ही म्हणालात, सैल वाक्य म्हणजे वाक्यच नव्हे."

ते खरे होते. विद्यापीठाच्या अध्यापन आणि अध्ययन धोरणाचा मसुदा करणाऱ्या समितीत मी होतो, आणि शिक्षक व विद्यार्थी दोघांच्याही हजेरीचे कलम माझ्या हातचे आहे. खोटी सही हा फसवणुकीचा प्रकार मानला जाईल. दोष सिद्ध झाल्यास विद्यार्थी त्या विषयात अनुत्तीर्ण होईल आणि तशी नोंद त्याच्या कायमच्या नोंदपत्रात राहील. पट आणि शिक्षकाचे म्हणणे यांत तफावत आढळल्यास शिक्षकाचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल. शेवटचे वाक्य मी समितीत तासभर लढून घालून घेतले होते. शिक्षकाला खोटे बोलण्यात काही लाभ नसतो, असा माझा युक्तिवाद होता. लाभ नसताना माणूस चुकीचे बोलू शकतो, हा विचार मला शिवला नव्हता असे नाही. त्याला मी यादृच्छिक त्रुटी म्हटले आणि ती दुर्लक्षणीय मानली.

चौकशी समितीची तारीख रविवार, एकवीस डिसेंबर ठरली. मुलांना नोटिसा गेल्या. नोटिसा गेल्यावर नेहमी जे होते ते मला ठाऊक आहे. पहिल्या तासात गोंगाट, दुसऱ्या दिवशी रडारड, तिसऱ्या दिवशी एखाद्या वडिलांचा फोन, चौथ्या दिवशी एखाद्या खासदाराचा. या वेळी दोन दिवस काहीच झाले नाही. माझ्या तासाला एकाहत्तरच्या एकाहत्तर जण आले आणि पटावर सही करताना वर पाहत नव्हते. तिसऱ्या दिवशी वर्गप्रतिनिधी कुसै आणि बतूल नावाची विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. कुसैला मी ओळखत होतो, मोठ्या आवाजाचा, प्रयोगवहीत नेहमी शेवटचे पान राहून गेलेला. बतूल पहिल्या रांगेत बसते. तिची ही शेवटची सहामाही होती आणि तिला शाळेत शिक्षिका व्हायचे होते. नोंदपत्रावर फसवणूक असलेल्या मुलीला शिक्षण खाते अर्जही भरू देत नाही.

"आमची चूक झाली, डॉक्टर," कुसै उभ्यानेच म्हणाला.

"बसा. कोणती चूक?"

"सह्यांची."

"सुरुवात कुणी केली?"

"सगळ्यांनी."

"एकदम?"

"म्हणजे... एकामागून एक."

"कागद कुठून मिळाला?"

"होता ना तिथं. टेबलावर."

"कुठल्या टेबलावर? त्या दिवशी दालनात कुणी नव्हतंच."

त्याने बतूलकडे पाहिले. चुकीच्या उत्तरासाठी मुले शेजाऱ्याकडे पाहतात तसे नव्हे. बरोबर उत्तर तोंडातून निसटेल म्हणून कुणीतरी धरावे, तसे. "नव्हतं, डॉक्टर," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता तसंच."

"मी म्हणतो तसं नको, झालं तसं सांग."

"कुसै, पुरे," बतूल हळूच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या आईसाठी आमच्या घरी कुराणाचं पठण झालं, डॉक्टर. आजोबांनीच ठेवलं होतं. देव त्यांना जवळ करो."

"आभारी आहे. पण आपला विषय तो नाही."

"नाही, डॉक्टर," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला दया दिसली. ती का असावी हे मला कळले नाही, म्हणून मी ती चुकीची वाचली असे ठरवले.

ते गेल्यावर मी त्यांचे म्हणणे कागदावर टिपून काढले. अपराधाची कबुली होती, कृती नव्हती. निष्कर्ष आहे आणि पद्धत लिहिलेली नाही, असे प्रयोगपत्र मी स्वीकारत नाही. निरपराध माणूस नाकारतो, अपराधी माणूस नाकारतो किंवा तपशिलासह कबूल करतो. तपशिलावाचून कबुली देणारा हा तिसरा प्रकार मला माहीत नव्हता, आणि असे एक-दोन नव्हे, त्रेसष्ट होते. एकानेही म्हटले नाही की सही माझी नाही. एकानेही म्हटले नाही की सही खरी आहे. मला दुसरीही एक गोष्ट आठवली. बुडलेल्या दोन तासांची भरपाई मी बावीस तारखेला, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी केली होती. अकराच्या तासाचा विषय बाष्पदाब आणि तापमान हा होता. समीकरण मांडताना मी मधेच थांबून विचारले, आता पुढची पायरी काय असेल? दालनाने एका सुरात उत्तर दिले. मला फार बरे वाटले होते. आई गेल्यानंतरचा तो पहिला आनंद होता आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितले होते की ही तुकडी पुष्कळ वर्षांत मिळाली नव्हती अशी आहे.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर जाहा आली, म्हणजे कुणासाठी तरी रदबदली करायला येणारी वडीलधाऱ्यांची मंडळी. चौदा माणसे, सगळी पोक्त, खांद्यांवर काळे-तपकिरी झगे, पुढे बतूलचे आजोबा अबू हम्माद. हाडवैरी असला तरी दारात आलेल्या जाहाला आत घ्यावेच लागते. माझी बायको अम्मानला थोरल्या मुलाकडे गेली होती, म्हणून इब्तिहाल सकाळपासून येऊन कॉफी भाजत बसली होती. कुणी येणार हे तिला आधीच कळले होते, मला नाही. सगळे बसले. बिनकानाचे चिमुकले कप फिरले. अबू हम्मादनी आपला कप उचलला, पाहिला, आणि गालिच्यावर समोर ठेवला. त्यांच्यामागून तेराही कप खाली ठेवले गेले. मागणे मान्य झाल्याशिवाय ती कॉफी कुणी पिणार नव्हते.

"अबू यझन," ते म्हणाले, "या घराला दुःख होऊन चाळीस दिवस झाले नाहीत. अशा घरी मागणं घेऊन यायला जीभ रेटत नाही. पण पोरं आमची आहेत. त्यांनी चूक केली. आम्ही ती चूक आमच्या डोक्यावर घेतो. तुम्ही मोठ्या मनाचे. या पांढऱ्या दाढीकडे बघा आणि सोडून द्या."

"हाजी, मला एवढंच सांगा, चूक केली कशी?"

"काय?"

"म्हणजे रीत काय? कुणी ठरवलं, कागद कसा मिळवला, कुठं बसून सह्या केल्या?"

मागून कुणीतरी हसले. "डॉक्टरसाहेब, आम्ही कॉफीला आलोय, पेपर द्यायला नाही."

"माणूस माफी मागतो तेव्हा त्याला रीत विचारत नाहीत," अबू हम्माद म्हणाले.

"मी विचारतो. मला ती कळत नाही."

"कळून करणार काय?"

"लिहून ठेवीन."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. ऐंशीच्या घरातले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. "बाळा," ते म्हणाले, अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कुणी बाळा म्हटलेले मला आवडले नाही, "सगळ्या गोष्टी लिहायच्या नसतात. काही झाकायच्या असतात. आम्ही इथं झाकायला आलोय."

"मुलांचं?"

त्यांनी समोरच्या कपाकडे बोट केले. "कॉफी प्या म्हणा," ते म्हणाले. "एवढं एक वाक्य म्हणा, आम्ही पितो आणि जातो, आणि हा विषय या गालिच्यावर संपतो."

मला ते वाक्य म्हणता आले असते. ते म्हटले असते तर त्रेसष्ट मुलांच्या नोंदपत्रांवर 'दोष सिद्ध, क्षमा केली' असे आले असते, आणि धोरणात क्षमेची तरतूद आहे. पण क्षमा करण्यासाठी दोष कळायला हवा होता. मी म्हणालो, "रविवारी समिती आहे. माझं म्हणणं मी तिथं मांडेन." चौदा माणसे उठली. कुणी रागावले नाही, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होते. दारात अबू हम्मादनी झग्यातून एक वही काढून माझ्या हातात दिली. "नात म्हणाली, हे द्या. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, डॉक्टर ऐकत नसतील, पण वाचतात."

गालिच्यावर चौदा भरलेले कप होते. मी उभ्याउभ्या वही उघडली. बतूलचे अक्षर मला परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवरून ठाऊक आहे. प्रत्येक तासाच्या डोक्यावर तारीख, तारखेखाली विषय. नऊ नोव्हेंबर. मग अकरा नोव्हेंबर: बाष्पदाब आणि तापमान. अडीच पाने, समीकरण, आलेख, आणि मी दर वर्षी सांगतो ते डोंगरावरच्या चहाचे उदाहरण. मग सोळा, अठरा, वीस. मग बावीस नोव्हेंबर: बाष्पदाब आणि तापमान. पुन्हा तेच समीकरण, तोच आलेख, तोच चहा. एक फरक होता. अकराच्या पानावर तिसऱ्या पायरीत एक ऋण चिन्ह राहून गेले होते आणि ते खालच्या ओळीत खोडून दुरुस्त केलेले होते. समासात लिहिले होते: 'डॉक्टरांनी फळ्यावर दुरुस्त केले.' बावीसच्या पानावर ती चूक नव्हती. खोट्या वहीत माणूस माझी चूक कशाला घालेल? आणि घातली तर दुरुस्त कशाला करेल? मला हा पुरावा पुरेसा वाटायला हवा होता. वाटला नाही. खाट, बुडबुडे, चिकटपट्टी, घड्याळातले दहा वीस, हे सगळे माझ्यापुढे वहीपेक्षा अधिक स्पष्ट उभे होते.

इब्तिहाल कप गोळा करायला आली. "चौदा," ती म्हणाली. "एकालाही ओठ लागला नाही. आपल्या बापाच्या काळात असं कधी झालं नव्हतं. शाबास."

"रविवारी तू माझ्याबरोबर चल. समितीपुढे सांगायचं की दहा ते अकरा मी आईजवळ होतो. दोन वाक्यं."

ती एकेक कप तबकात ठेवत राहिली.

"ऐकलंस ना?"

"मला नेऊ नकोस, आकिफ."

"का?"

"तिथं विचारतील."

"विचारण्यासाठीच तर—"

"मग मला खोटं बोलावं लागेल." तिने तबक टेबलावर ठेवले. "तू सव्वाबाराला आलास. बाहीवर खडूची पूड होती. मी तिचे डोळे मिटले होते, हनुवटी बांधली होती. तू बसलास, हात धरलास आणि कानात शब्द म्हटलेस. मी म्हटलं, म्हणू दे, कुणाचं काय जातं. मी चार फोन केले होते तुला, पहिला तिचा श्वास अडकला तेव्हा, शेवटचा ती गेल्यावर. तुझ्या फोनचा आवाज बंद, वर्गात फोन नको हा तुमचाच ना नियम?"

"शोकाच्या बैठकीत लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो की मी होतो. तू तेव्हा का नाही—"

"पुरुषांच्या बैठकीतून बायकांकडे निरोप आला, मुलानं शेवटचे शब्द कानात सांगितले म्हणून. सगळ्या रडल्या. नशीबवान बाई, म्हणाल्या. मी काय करायचं होतं? उठून सांगायचं, नाही हो, तो तेव्हा वाफेवर बोलत होता?" ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "फोन बघ तुझा. माझ्यावर विश्वास ठेवायची तुला सवय नाही."

मी फोन पाहिला. अकरा नोव्हेंबर. इब्तिहाल, न उचललेला, दहा चौदा. न उचललेला, दहा एकवीस. न उचललेला, दहा एकोणतीस. न उचललेला, दहा अडतीस. मग अकरा तीन, माझ्याकडून तिला, चाळीस सेकंद. शेजारी बसलेल्या माणसाला कुणी चार फोन करत नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मी हे कसे घडले असेल ते शोधण्यात घालवले. शोकापेक्षा हे काम मला अधिक जमते. खाट, शेते, बुडबुडे खरे होते; ते सोमवारी संध्याकाळचे होते, मी तिथे तीन तास बसलो होतो. संत्रेही तेव्हाचेच. शब्द आणि हात मंगळवारचे होते, पण सव्वाबारानंतरचे. जिवंत माणसाचा तळहात सत्तावीस अंशांचा क्वचितच असतो. अर्थात रक्ताभिसरण मंदावले तर असू शकतो, म्हणून हा पुरावा निर्णायक नाही. घड्याळातले दहा वीस कुठून आले हे मला सांगता येत नाही. कदाचित व्याख्यान-दालनातल्या घड्याळातून. आणि हे तुकडे एकत्र कुठे जोडले गेले हेही मला सापडले. घराण्याच्या बैठकीच्या दालनात, शोकाच्या पहिल्या संध्याकाळी, आईच्या माहेरचा एक बहिरा म्हातारा आला. त्याने माझे दोन्ही हात धरून, बहिऱ्यांच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले: "होतास ना जवळ? शब्द सांगितलेस ना कानात?" नव्हतो म्हणायचे तर ते ओरडून म्हणावे लागले असते, शंभर माणसांत. मी होकारार्थी मान हलवली. त्याने मोठ्याने देवाचे आभार मानले. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला शेजारचा सांगत होता, मुलगा जवळ होता. येणारा माझ्याकडे पाही आणि मी म्हणे, होतो. तीन दिवस, दुपारपासून संध्याकाळपर्यंत. अंदाजे चारशे माणसे. काही तपशील विचारत: त्रास झाला का, काही बोलली का? मी तपशील देत असे, हाताशी असलेल्या तुकड्यांतून. तिसऱ्या दिवशी कुसै दहा मुलांना घेऊन आला होता. ही मुले अकरा तारखेला दहा वाजता माझ्या तासाला बसली होती. त्यांनी कडू कॉफी घेतली, माझे उत्तर ऐकले आणि ती खाली मान घालून परत गेली. नंतर कधीतरी त्यांनी आपसांत ठरवले असावे, की नोंदपत्रावर डाग आला तरी चालेल, आईच्या शेवटच्या क्षणी मुलगा फळ्यापाशी होता असे त्याच्या तोंडावर म्हणायचे नाही. त्यांनी आपल्या घरी सांगितले आणि घरच्यांनाही ते बरोबर वाटले. माझ्या भरपाईच्या तासाला त्यांनी तेच समीकरण पुन्हा उतरवून घेतले, आणि पुढची पायरी विचारल्यावर सांगितली.

रविवारी समितीत तिघे होते, आणि डॉ. रंदा. मी वही आणि फोनवरची नोंद पुढे ठेवली. दोन्ही गोष्टी टेबलाभोवती हातोहात फिरल्या. मग अध्यक्षांनी, जे स्वतः शोकाच्या बैठकीत माझ्या शेजारी बसून गेले होते, घसा साफ केला. "अबू यझन, 'नोंदीत नजरचूक' एवढं लिहा. प्रकरण बंद. कुणाला काही कळायची गरज नाही."

"किंवा क्षमा," डॉ. रंदा म्हणाल्या. "जाहा येऊन गेली, तुम्ही मोठेपणा दाखवलात. मुलंही खूश, तुमचंही राहिलं."

"क्षमेची नोंद नोंदपत्रावर राहते," मी म्हणालो. "आणि नजरचूक कुणाची, हे कलमाप्रमाणे लिहावं लागतं. पट विरुद्ध शिक्षक असेल तर शिक्षकाचं म्हणणं ग्राह्य. माझं म्हणणं आधीच फायलीत आहे. ते मलाच खोडावं लागेल, कारणासकट. नाहीतर पुढं कुणीही म्हणेल, दबावाखाली खोडलं."

"निवेदनाची प्रत विभागात लागते, अबू यझन. मुलांना जाते, त्यांच्या घरी जाते," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या बहिणीचा विचार करा."

"तिनंच मला फोन बघायला सांगितलं."

त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. लिहिताना मला एक गोष्ट तपासून पाहावीशी वाटली. मी डोळे मिटून अकरा तारखेचे व्याख्यान आठवण्याचा प्रयत्न केला: फळा, ऋण चिन्ह, डोंगरावरचा चहा, पहिल्या रांगेतली बतूल. काहीच आले नाही. खाट आली, तशीच स्पष्ट, बुडबुड्यांसकट. पुरावा मला पूर्णपणे मान्य आहे. आठवणीत त्याने काही फरक पडलेला नाही. मी डोळे उघडले आणि लिहिले:

'अकरा नोव्हेंबरचे दहाचे व्याख्यान झाले. ते मी घेतले. त्रेसष्ट सह्या खऱ्या आहेत. विद्यार्थ्यांनी कोणताही अपराध केलेला नाही, आणि त्यांच्या नोंदपत्रांवर क्षमेची किंवा अन्य कोणतीही नोंद करू नये. माझ्या रजेच्या अर्जातील तारीख चुकीची आहे. चुकीचे कारण असे: त्या व्याख्यानाच्या वेळी, दहा वाजून चौदा आणि अडतीस मिनिटांच्या दरम्यान, माझी आई वारली आणि मी तिच्याजवळ नव्हतो. मी जवळ होतो असे मी शोकाच्या तीन दिवसांत सुमारे चारशे माणसांना सांगितले, आणि त्यानंतर मला ते तसेच आठवू लागले.'